दिसलं की आधी मार्क दाबा: दर्यावरच्या मंडळींना खुलं पत्र

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सगळ्या मच्छीमार सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, नाखवा, तांडेल, आणि ज्यांना रात्रीची झोप कधी पुरी मिळत नाही ते सगळे खलाशी, यांना,

नमस्कार मंडळी.

मी बंदरावर जीपीएस, फिशफाइंडर आणि वायरलेस दुरुस्त करतो, सोळा वर्षं झाली. तुमच्यातले अर्धे मला ओळखतात, उरलेल्या अर्ध्यांकडून पैसे यायचेत, पण हे पत्र त्यासाठी नाही. रात्री आभाळातून जो मोठा जळता गोळा जातो ना, ज्याने क्षणभर अख्खा डेक उजळतो आणि सगळे "अरे अरे" करत उभे राहतात, त्याच्याबद्दल थोडं बोलायचंय. आपण त्याला तारा तुटला म्हणतो, मालवणकडे तारो तुटलो म्हणतात, पुस्तकात उल्का म्हणतात. उल्का शुक्रापेक्षाही जास्त उजळ असेल तर तिला अग्निगोल म्हणायचं, इंग्रजीत फायरबॉल.

झालं असं की एका मार्गशीर्षात, रात्री साडेतीनच्या सुमाराला असाच एक गेला. मी झोपलेलो होतो, मला काही दिसलं नाही, हे आधीच सांगतो. सकाळी सहाला फोन उघडला तर बंदराच्या ग्रुपवर एकशेचाळीस मेसेज. विमान पडलं. नाही, मिसाइल टेस्ट होती. नाही, सुवर्णदुर्गाच्या मागे पडलंय, पाणी उकळत होतं. एका पठ्ठ्याने तर व्हिडिओच टाकला, त्यात बर्फ आणि रशियन पाट्या दिसतायत आणि खाली लिहिलंय "काल रात्री आपल्या हर्णैत". बर्फ! हर्णैत! आमच्याकडे बर्फ फक्त फॅक्टरीत असतो आणि तोही वेळेवर मिळत नाही.

हसायला येतं आता, पण त्या सकाळी कुणी हसत नव्हतं. ज्यांची माणसं बोटीवर होती त्या बायका पहाटेपासून धक्क्यावर येऊन उभ्या, फोन लागत नाहीत कारण बोटी रेंजच्या बाहेर, आणि ऐकलंय एवढंच की समुद्रात काहीतरी पडलं. आमच्या शेजारच्या वहिनींचा नवरा आणि दीर दोघं एकाच बोटीवर. मी त्यांना म्हणालो अहो वहिनी, तारा असणार, तर म्हणाल्या "तारा असेल तर मग सगळे विमान का म्हणतायत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका सरकारी ऑफिसला फोन लावून विचारलं की काही माहिती आहे का, तिथल्या माणसाने सांगितलं लेखी अर्ज द्या.

दुपारपर्यंत चार बोटी आल्या. चौघांना विचारलं. एक म्हणाला दाभोळच्या अंगाला पडला, दुसरा म्हणाला मुरुडच्या वर, तिसरा म्हणाला एकदम समोर. समोर म्हणजे कुठे? म्हणजे आमच्या पुढ्यात. अरे पण तुमची बोट कुठे तोंड करून होती? ते काय लक्षात राहतं काय, नांगरावर होतो. एका पोराने मोबाइलमध्ये शूटिंग केलेलं, अठरा सेकंदांचा काळाकुट्ट व्हिडिओ, दिसत काहीच नाही, नुसता आरडाओरडा आणि मागे इंजिन.

चौथ्या बोटीचे चाचा मात्र वेगळे निघाले. ते ताऱ्यासाठी आलेच नव्हते, त्यांचा जीपीएस सेट अधूनमधून बंद पडत होता म्हणून काढून घेऊन आले होते. मी सेट टेबलावर चालू केला, मार्कची (म्हणजे बटन दाबून सेव्ह केलेल्या जागांची) यादी उघडली, तर सगळ्यात शेवटी एक नवीन मार्क, टाइम बावीस वाजून दोन मिनिटं. मी म्हणालो चाचा, रात्री दहाला कुठे मार्क मारलात? ते म्हणाले दहाला नाही रे, पहाटे मारला, तिकडे उजेड दिसला, मला वाटलं कुणाची बोट जळतेय, म्हणून बटन दाबून ठेवलं, उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं आपण कुठे होतो ते. आता गंमत बघा, कधीतरी कुणीतरी त्या सेटचं घड्याळ रिसेट केलेलं, ते ग्रीनिचच्या टायमावर चालू होतं. बावीस दोनमध्ये साडेपाच तास मिळवा. पहाटेचे तीन बत्तीस. आणि त्या पोराचा काळाकुट्ट व्हिडिओ? फोनमध्ये त्याची वेळ बघितली, तीन बत्तीस!

मी वही घेतली आणि चाचांना म्हणालो सांगा, काय काय दिसलं. ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो: "मृग कलला होता ना पश्चिमेला, त्याच्या पायाखालनं निघाला. उजवीकडे खाली गेला. पाण्यापासून मूठभर वर असताना दोन तुकडे झाले आणि विझला. हिरवट होता, शेवटी लाल. मी या अल्लाह म्हणालो, दुसऱ्यांदा म्हणायला गेलो तोवर संपलेला." मी त्यांना तसंच परत म्हणायला लावलं आणि मोबाइलवर वेळ लावली. साधारण अडीच-तीन सेकंद.

मंडळी, यात सगळं आलं. कुठून बघितलं ते जीपीएसमध्ये आहे, कधी ते आहे, कुठून निघाला, कुठे संपला, किती वेळ, रंग काय, तुटला का. शाळा चौथीपर्यंत झालेल्या माणसाने दिलेला हा रिपोर्ट कुठल्याही प्रोफेसरच्या तोडीचा आहे, आणि तोही मुळात त्यांनी घाबरून बटन दाबलं म्हणून.

असे रिपोर्ट गोळा करणारी एक संस्था आहे, इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशन, १९८८ सालची, थोडक्यात आयएमओ (जहाजवाल्यांची आयएमओ वेगळी, तिचे नियम आपल्याला पाठ आहेत). अमेरिकेतली अमेरिकन मिटिऑर सोसायटी तर १९११ पासूनची. दोघांचा मिळून इंटरनेटवर एकच फॉर्म आहे, फुकट, फक्त ईमेल लागतो. नकाशावर तुम्ही कुठे होतात ते दाखवायचं, मग सुरुवात कुठल्या दिशेला, किती उंचीवर, शेवट कुठे, असं एकेक विचारत जातो, दहा मिनिटांचं काम. मी चाचांच्या वतीने भरला. आणि मग वाट बघत बसलो.

काही झालं नाही. कारण रिपोर्ट एकच. एकट्याच्या रिपोर्टवर उल्का कुठून कुठे गेली ती वाट निघत नाही हो.

का निघत नाही ते तुम्हाला मी काय शिकवणार, तुमच्या वडलांनीच शिकवलंय. जीपीएस नव्हतं तेव्हा खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, कसं शोधायचे? देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आणायचा, ही एक रेघ. मग दुसरीकडे बघायचं, कड्याची कड आणि माडांचा घोळका एका रेषेत, ही दुसरी रेघ. दोन रेघा जिथे मिळतात तिथे जाळं टाकायचं नाही नाहीतर फाटलं. एकाच रेघेवर खडप सापडतं का? त्या रेघेवर ते कुठेही असू शकतं. उल्केचंही तेच. चाचांची रेघ आहे, दुसरी रेघ पाहिजे, तिसरी मिळाली तर बेस्ट, म्हणजे एखाद्याची चूक झाली असेल तर कळते.

आणि दुसरी रेघ होती हो! माझा मेव्हणा मालवणला बोटीवर असतो, पंधरा दिवसांनी लग्नात भेटला, सहज विषय निघाला तर म्हणतो, "अरे केवढो उजेड पडललो, जाळ्याचे गाठी दिसत होते! पण टायम कोण बघता रे?" मला त्या मांडवातच कपाळाला हात लावून बसावंसं वाटलं. हर्णै ते मालवण सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. समुद्रावर तीनशे किलोमीटर आत, दोघांच्या मधल्या सरळीत उल्का जळली तर हर्णैवाल्याला ती पश्चिमेच्या जरा दक्षिणेला दिसणार आणि मालवणवाल्याला जरा उत्तरेला, दोन रेघांत इतका फरक की नकाशावर टिंब काढता आलं असतं. आपला किनारा उत्तर-दक्षिण सरळ पसरलाय, समोर मोकळा पश्चिम समुद्र, ना डोंगर आड येतो ना शहराचा उजेड. यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार.

तीनशे किलोमीटर म्हणालो तर काही जणांना वाटेल फेकतोय. नाही. ही वस्तू जळायला लागते ती शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर, आणि बहुतेकदा खाली वीस-तीस किलोमीटरपर्यंत यायच्या आत विझते. ऐंशी किलोमीटर उंचीवरची एखादी उल्का तुम्हाला पाण्यापासून तीन बोटं वर दिसत असेल तर ती तुमच्यापासून पाच-सहाशे किलोमीटर लांब आहे. उजेड झगझगीत असतो म्हणून डोळा फसतो, वाटतं की इथे किल्ल्यामागेच पडली. त्यामुळे "आमच्या वाडीच्या मागे पडला" असं सांगणारी माणसं एकाच रात्री रायगडातही असतात आणि सिंधुदुर्गातही, आणि कुणीच खोटं बोलत नसतं.

हे करून आपल्याला काय मिळणार, असं कुणी विचारलंच तर सरळ सांगतो, पैसे मिळणार नाहीत, डिझेलचा परतावाही लवकर येणार नाही. पण एक गोष्ट ऐका. १८ डिसेंबर २०१८ ला रशियाच्या पूर्वेला बेरिंग समुद्रावर एक उल्का फुटली, हिरोशिमाच्या बॉम्बच्या दहापट ताकदीची. जगाला कळलं कधी, तर तीन महिन्यांनी, मार्च २०१९ मध्ये. का, तर खाली समुद्र, बघायला माणूस नाही. सॅटेलाइटने टिपलेलं होतं म्हणून निदान तेवढं तरी कळलं. सॅटेलाइट असे मोठे मोठे पकडतात, पण लिंबाएवढा दगड जो आपला डेक उजळून जातो तो त्यांच्या खिजगणतीत नसतो. जमिनीवर निदान कुणीतरी शेकोटीला बसलेलं असतं, कुणाचा सीसीटीव्ही असतो. रात्री तीनला अरबी समुद्रावर जागं कोण असतं? जहाजं असतात, आणि तुम्ही. म्हणून हे पत्र खगोलवाल्या मंडळींना न लिहिता तुम्हाला लिहितोय, त्यांच्याकडे दुर्बिणी आहेत पण ते बिचारे डिसेंबरात एक रात्र गाद्या घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, येतात, तुम्ही सीझनभर रोज रात्री तिथे असता.

ग्रुपवर फिरलेला तो बर्फाचा व्हिडिओ ना, तो चेल्याबिन्स्कचा, १५ फेब्रुवारी २०१३. वीसेक मीटरचा दगड होता, तीसेक किलोमीटर वर फुटला. लोकांनी उजेड बघितला, काय झालं बघायला खिडकीत जाऊन उभे राहिले, आणि दोन-अडीच मिनिटांनी धक्का आला. काचा फुटून हजार-दीड हजार माणसं जखमी. म्हणजे उजेड आधी येतो, आवाज मागून. विजेचं बघतोच की आपण, इथे फक्त अंतर जास्त, वीस किलोमीटरला साधारण एक मिनिट. म्हणून तारा तुटला की लगेच गप्पांना सुरुवात करू नका, पाच मिनिटं कान द्या, इंजिन बंद असेल तर. लांबून तोफेसारखा दणका किंवा गडगड ऐकू आली तर किती वेळाने आली ते लिहून ठेवा, कारण आवाज आला याचा अर्थ ती बरीच खाली आली होती, आणि मग दगड पडलेला असायची शक्यता असते. घरी असाल तर काचेच्या खिडकीला नाक लावून उभं राहू नका, एवढंच.

आता बोटीवर नेमकं करायचं काय. पहिलं म्हणजे मार्क. जीपीएसवरचं मार्कचं बटन दाबा. बाकी काही आठवो न आठवो, बटन दाबलंत की जागा सेव्ह झाली आणि बऱ्याच सेटवर वेळही. सेटचं घड्याळ चुकीचं असेल तर असू दे, माझ्याकडे आणा, मी हिशोब लावून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

मग दिशा. इथेच सगळे चुकतात. बोटीवर समोर, मागे, डावीकडे याला काही अर्थ नाही, ओढीवर, म्हणजे जाळं ओढत, असाल तर निदान कंपास बघून सांगता येईल, पण नांगरावर बोट भरती-ओहोटीबरोबर फिरत असते. म्हणून चाचांनी केलं ते करा, नक्षत्र धरून सांगा. मृगाच्या खालून, सप्तर्षीच्या शेपटाजवळून, अगस्त्याच्या डावीकडे चार बोटं. नक्षत्राची जागा आणि वेळ मिळाली की दिशा, उंची सगळं कॉम्प्युटर काढतो. नवीन पोरांना नक्षत्रं येत नाहीत ही वेगळी रड आहे, पण मोबाइलमध्ये आकाशाचं फुकट ॲप टाकून ठेवा, बऱ्याच ॲपना रेंज लागत नाही.

नक्षत्र आठवलं नाही तर मूठ. हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा, मूठ वळून पाण्याच्या रेघेवर ठेवायची. एक मूठ म्हणजे दहा अंश. पाण्यापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी भरतात, करून बघा. बोटं ताणून वीत केलीत तर वीस अंश. लहान पोराची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब तोच येतो. ध्रुव आपल्याकडे उत्तरेला दोन मुठींपेक्षा जरा कमीच वर असतो, हर्णैला पावणेअठरा-अठरा अंश, मालवणला सोळा, त्यावर आपली मूठ तपासून घ्या. हे काही नवीन खूळ नाही बरं का, आपल्या आणि अरबांच्या जुन्या गलबतांवर कमाल नावाची लाकडाची फळी असायची, तिला गाठी मारलेली दोरी, गाठ दातात धरायची, फळी पुढे करायची आणि ध्रुवाची उंची मोजून कुठल्या बंदराच्या सरळीत आलो ते काढायचे. माझ्या दुकानातल्या सगळ्या सेटांचा खापरपणजोबा तो.

उजेड किती होता हेही सांगा, पण "लई मोठा" असं नको. शुक्राएवढा, चंद्रकोरीएवढा की पुनवेच्या चंद्राएवढा? डेकवर सावली पडली का? सावली पडली, सरकली, ही फार कामाची गोष्ट. आणि मागे धुरासारखी रेघ राहिली का, किती वेळ राहिली.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. तांडेल म्हणाला उजवीकडे गेला की सहा खलाशी उजवीकडेच म्हणतात, मग डावीकडे गेला असला तरी. आपल्या बोटींवरचे नेपाळी खलाशी तर बोलतच नाहीत आपणहून, त्यांना हिंदीत विचारा, डोंगरातली पोरं आहेत, नजर चांगली असते. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांना मात्र मी काही सांगत नाही, त्या उजेडात तारा सोडा, चंद्रसुद्धा दिसायचा नाही, आणि ते धंदे बंद करा हे वेगळं पत्र लिहायला पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. उल्का समजून फ्लेअर सोडून देऊ नका. उल्का दोन, तीन, फार तर पाच-सात सेकंद. संकटातली बोट जो पॅराशूटचा लाल रॉकेट फ्लेअर सोडते तो वर जाऊन चाळीस सेकंद जळतो, एका जागी लटकल्यासारखा हळूहळू खाली येतो. हातातला फ्लेअर तर पाण्यालगतच दिसतो. शंका आली तर फ्लेअरच समजायचं, वायरलेसच्या सोळा नंबर चॅनेलवर बोलायचं, किनाऱ्याजवळ रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३. ताऱ्यासाठी कोस्ट गार्डला उठवलं तर फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, उलटं झालं तर माणसं जातील. चाचांना बोट जळतेय असं वाटलं आणि त्यांनी त्या दिशेला अर्धा तास बोट नेली होती, हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. डिझेल गेलं त्याचं काही बोलले नाहीत.

उलट काही गोष्टी उल्केपेक्षा फार हळू असतात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवतेय? विदर्भ, खानदेश, गुजरातपर्यंत लोकांनी जळत्या तुकड्यांची रांगच्या रांग बघितली, टीव्हीवर रात्रभर उल्का उल्का चाललेलं. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला भलंमोठं धातूचं कडंच सापडलं. तो चिनी रॉकेटचा भाग होता. ओळखायचं कसं, तर उल्का सेकंदाला कमीत कमी अकरा किलोमीटर वेगाने येते, बहात्तरपर्यंत जाते, आणि हा अवकाशातला भंगार माल सात-आठच्या वेगाने, जवळजवळ आडवा, आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिनिट-मिनिटभर दिसतो. तोही लिहा, त्याचाही रिपोर्ट घेतात. एका रेषेत शिस्तीत चाललेले वीस-तीस दिवे दिसले तर ते स्टारलिंकचे सॅटेलाइट, त्याच्यासाठी वही उघडू नका.

किनाऱ्यावरच्या लोकांना दोन शब्द. दुकानावर, आइस फॅक्टरीवर, जेटीवर कॅमेरे आहेत ते सगळे चोर पकडायला खाली तोंड करून असतात, तरीपण आभाळाचा कोपरा येतो, आणि नाही आला तरी भिंतीवरची सावली फिरताना दिसते, त्यावरूनही काम होतं. पण रेकॉर्डिंग आठ-पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जातं. म्हणून त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी ताडून किती मिनिटं पुढेमागे आहे ते लिहा. मी बसवलेल्या कॅमेऱ्यांपैकी एकाचंही घड्याळ बरोबर नाही, कबूल करतो.

आणि दगडांचं. ग्रुपवर बातमी आली की दुसऱ्या दिवशी सड्यावरून पोरं काळे दगड उचलून आणतात. आपला सगळा सडा जांभ्याचा, जांभ्यात लोखंड भरपूर, वरचा थर उन्हापावसाने काळा पडतो, काही तुकड्यांना चुंबकही चिकटतं, म्हणून तो उल्केचा होत नाही. खऱ्या अशनीला, म्हणजे उल्केच्या खाली पडलेल्या दगडाला, बाहेरून पातळ काळी साल असते, करपलेल्या भाकरीसारखी, आत बहुतेकदा राखाडी, आणि जांभ्यासारखी भोकं नसतात. विझल्यावर तो शेवटची काही मिनिटं नुसता दगडासारखा पडत येतो, त्यामुळे गवत पेटलं, जमीन जळली हे ऐकलं की मला शंकाच येते. खरा वाटला तर धुवू नका, फोडून वाटून घेऊ नका, जागेचा फोटो काढून तहसीलदारांना कळवा, देशात सापडलेल्या अशनी जिऑलॉजिकल सर्व्हेकडे जातात. नागपूरजवळ काटोलला २२ मे २०१२ ला असे दगड खरोखर पडले होते, त्यामुळे महाराष्ट्रात होतच नाही असं काही नाही.

कधी बघायचं असं पोरं विचारतात. ऑगस्टच्या बारा-तेराला मोठा उल्कावर्षाव असतो पण आपल्याकडे तेव्हा नारळी पौर्णिमेचा पाऊस, ढगांत काय दिसणार. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर वृषभ राशीतून येणाऱ्या संथ असतात, संख्येने कमी पण त्यात मोठे गोळे निघतात. आणि डिसेंबरची तेरा-चौदा तारीख, मिथुनेतल्या, ती आपली खरी रात्र, आभाळ धुतल्यासारखं असतं. पण तो पहाटेचा साडेतीनचा कुठल्या राशीतला होता कोण जाणे, मोठे गोळे कॅलेंडर बघून येत नाहीत, म्हणूनच रोज जागणारी माणसं पाहिजेत.

माझी मागणी अगदी छोटी आहे. प्रत्येक सोसायटीच्या काउंटरवर, डिझेलच्या रजिस्टरशेजारी, एक वही ठेवायची. बोट आली की ज्याने बघितलं असेल त्याने तारीख, मार्क, नक्षत्र किंवा मुठी, किती वेळ, रंग, आवाज, एवढं लिहायचं, लिहिता येत नसेल तर सेक्रेटरीने लिहून घ्यायचं. नोंद झाली की मला फोटो पाठवा, फॉर्म मी भरतो. दोन बंदरांवरून एकाच वेळेची नोंद आली तर मी लगेच ग्रुपवर टाकीन की तारा होता, अमक्या दिशेला, सगळ्या बोटी ठीक आहेत. वहिनींना उत्तर द्यायला मला तेवढं पुरेल. हर्णैची वही सुरू झालीय, पहिली नोंद चाचांची, तीन बत्तीसची. मेव्हण्याला मालवणची वही ठेवायला सांगितलंय, तो हो म्हणालाय, म्हणजे दोन-तीनदा आठवण करावी लागेल.

वह्या मी माझ्या खर्चाने देतो. पेन मात्र तुम्ही ठेवा आणि दोऱ्याने बांधून ठेवा, डिझेलच्या रजिस्टरचं पेन आजपर्यंत एकदाही जागेवर सापडलेलं नाही.

तुमचाच,
जीपीएसवाला, हर्णै बंदर